चवलध चरचो चहेआ

मला राग लवकर येतो आणि आला की मुक्कामालाच राहतो, हे आमच्या अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. ठाऊक नव्हतं ते फक्त धवलला.

धवल म्हणजे आमच्या शेजारच्या शामकांत वकिलांचा मुलगा. जन्मला नगरात, पण वाढला पुण्यात आत्याकडे, इंग्रजी शाळेत. आता सिनेमे काढतो. मागच्या वर्षी आला तो वाकून नमस्कार करतच.

"एंजेला मावशी, लहान मुलांची परीकथा करतोय. खरी मुलगी, म्हणजे माझी लेक भार्गवीच, आणि तिच्याभोवती सगळी कार्टूनं. गाणीच गाणी! तुमच्या पप्पांची ती अंगाई द्या ना."

पप्पा म्हणजे कृपादान मास्तर. चर्चमध्ये जन्मभर पेटी वाजवली. आई गेली तेव्हा मी एवढीशी होते, रात्री डोळ्याला डोळा लागायचा नाही, तेव्हा त्यांनी माझ्यासाठी ते गाणं रचलं होतं : 'नीज गं पाखरा, वारा झाला म्हातारा.' पप्पांनी हौसेनं पेटी काढली, धवलनं मोबाईलवर सगळं टिपून घेतलं.

"नाव तुमचंच येणार हं आजोबा, मोठ्या अक्षरात!"

झालं. दर रविवारी उपासना संपली की पप्पा चर्चच्या दारात उभे. "पडद्यावर नाव येनार बरं का आपलं," जो भेटेल त्याला सांगायचे. मला लाज वाटायची, आणि बरंही वाटायचं.

मग सिनेमाची जाहिरात मोबाईलवर आली. शेवटी अक्षरं उमटली : गीत आणि संगीत, धवल.

"चष्मा पुसून दे गं, एंजे," पप्पा म्हणाले. मी पुसून दिला. त्यांनी परत वाचलं. मग पेटीवर खोळ चढवली. त्या दिवसापासून पेटी बंद आणि चर्चच्या दारात उभं राहणंही बंद.

मी तडक धवलला फोन लावला.

"अहो मावशी, असली अंगाई म्हणजे लोकगीत. लोकगीत कुणाचंच नसतं हो!"

कुणाचंच नसतं! माझी आई मेली तेव्हा हा मेला कुठं होता? डोक्यात अशी तिडीक गेली की हातातला फोन भिंतीवर आपटावा. आणि याचा निर्लज्जपणा बघा, त्याच दमात म्हणतो, "बरं, आमच्या कार्टूनच्या घुबडाला एक मंत्र हवाय. त्याला अर्थ नको. नुसता नाद, जुनाट वाटणारा. सुचतंय का काही?"

मला सुचलं. म्हटलं, थांब लेका.

च ची भाषा मला पप्पांनीच शिकवली होती. शब्दाचं पहिलं अक्षर उचलून मागं टाकायचं आणि पुढं च लावायचा. मोठ्यांना कळू नये म्हणून आमच्या गल्लीतली पोरं अजून तीच बोलतात. मी सावकाश, गोड आवाजात सांगितलं :

"चवलध चरचो चहेआ. चणंगा चचंत्या चहीना. चपादानलाकृ चचारावि."

धवल चोर आहे. गाणं त्याचं नाही. कृपादानला विचारा.

"वा!" तो खूश. "संस्कृत आहे?"

"त्याहून भारी. आमच्या गल्लीत शेंबड्या पोरालाही येतो."

त्यानंतर मी तोंड शिवून बसले. चित्रं काढणारी माणसं हैदराबादची, गाणारी बाई बंगालची, मग ओळखणार कोण? त्यांनी एकेका अक्षरावर घुबडाची चोच उघडझाप करत बसवली. "आता यातलं अक्षर हलवायचं म्हटलं तरी सगळं घुबड नव्यानं काढावं लागेल," असं धवलच मला कौतुकानं सांगत होता. मी म्हटलं, "कशाला हलवतोस, छान आहे की."

नगरच्या पहिल्या खेळाला त्यानं सगळी गल्ली आणि मी शिकवते त्या शाळेतली पोरं बोलावली. पप्पा यायला तयार नव्हते. मी हट्टानं नेलं आणि पहिल्या रांगेत बसवलं.

सिनेमा चांगला होता, खोटं कशाला बोलू? पप्पांची चाल सुरू झाली, भार्गवीच्या ओंजळीत रंगीत पाखरं उतरली, आणि मला रडू फुटलं. रडू आलं म्हणून अजूनच संताप आला.

मग घुबड आलं. चोच उघडली.

आधी मागं कुणीतरी फिसकन हसलं. मग पोरं एकमेकांच्या कानाला लागली. आमच्या शाळेतल्या भीमाबाई जोरात म्हणाल्या, "अगं बया! ही तर च ची भाषा हाय!" पप्पांनी वळून माझ्याकडे बघितलं. मी पडद्याकडेच बघत राहिले.

सिनेमा संपला. धवल भार्गवीला घेऊन स्टेजवर चढला, पुढच्या पोरांनाही वर घेतलं. माईक हातात, गडी खुशीत. "मंत्र आवडलेला दिसतोय! चला, माझ्याबरोबर म्हणा!" आणि छातीवर हात ठेवून स्वतःच सुरू झाला, "चवलध चरचो चहेआ!"

थिएटर दणाणलं. पोरं बेंबीच्या देठापासून ओरडत होती, आयाबाया पदर तोंडाला लावून हसत होत्या, आणि हा अजून मोठ्यानं म्हणतोय. माझ्या जिवाला असं गार वाटलं म्हणून सांगू!

तेवढ्यात एका पोरीनं भार्गवीच्या कानात काहीतरी सांगितलं. भार्गवी खुदकन हसली. मग बोटांवर अक्षरं फिरवून बघायला लागली, आणि हसायची थांबली. तिनं बापाची बाही ओढली. माईक दोघांच्या मधेच होता.

"बाबा, चरंख?"

"काय गं?"

पप्पा काठी टेकत उभे राहिले. "पोरगी विचारतीय," ते म्हणाले, "खरं का?"

धवलनं पप्पांकडे बघितलं, मग माझ्याकडे. तो सगळं समजला. मला त्याच्या तोंडाकडे पोटभर बघायचं होतं, बघितलंही. त्या पोरीच्या तोंडाकडे मात्र बघवेना.

माईक खाली गेला. "हो," तो तिला म्हणाला. हळूच म्हणाला, पण शेवटच्या रांगेपर्यंत गेलं.

बाहेर रिक्षाशी त्यानं मला गाठलं. पप्पा आत बसून तीच चाल गुणगुणत होते.

"मावशी, चुकलो. आजोबांचं नाव घालतो, सगळ्यात आधी, मोठं. घुबडही नवीन काढतो. फक्त दुसरा मंत्र द्या. निदान भार्गवीसाठी तरी. द्याल ना?"

मी पप्पांच्या शेजारी बसले आणि रिक्षाची कडी लावून घेतली.

"चहीना," मी म्हटलं.

हा एक शब्द मात्र त्याला उलगडून सांगावा लागला नाही.