पुलावरचा हिरवा फासा

निवृत्त माणसाला दोनच उद्योग सुचतात. एक तर तब्येतीच्या तक्रारी करत बसायचं, नाहीतर दुसऱ्याच्या कामात लुडबूड करायची. निरीक्षकबाईंची तब्येत ठणठणीत होती. त्यामुळे नोकरी संपल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात त्या सुनेच्या टेबलापाशी खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "दाखव बघू, काय असतं हे."

तेहतीस वर्षं त्यांनी बाजारातली वजनंमापं तपासली होती. पारड्याखाली चिकटवलेलं मेण, तळाशी खरवडलेली वजनं, दुहेरी बुडाची मापं, सगळी सोंगं त्यांनी पाहिली होती. बाईंना बघून तराजूसुद्धा सावधान उभा राहतो, असं दुकानदार म्हणायचे, आणि ते काही कौतुकानं म्हणायचे नाहीत.

सून लढाईचे खेळ रचायची. टेबलावर षटकोनी घरांचा नकाशा, त्यावर पुठ्ठ्याच्या सोंगट्या, कुठे पायदळ, कुठे तोफा, आणि जिंकणं-हरणं ठरवायला फासे. एका खोक्यात असे बारा प्रसंग घालून एक प्रकाशक ते विकणार होता. बारावा प्रसंग आपला असावा म्हणून सुनेचा जीव खालीवर होत होता. गेल्या वर्षी तिनं पाठवलेला प्रसंग 'एकतर्फी आहे' एवढ्या दोन शब्दांनिशी परत आला होता. यंदाचा होता 'पुलावरची सकाळ'. एकानं पूल राखायचा, दुसऱ्यानं आठ फेऱ्यांत तो घ्यायचा. प्रकाशकाची अट साधी होती. अंतिम मांडणीच्या निदान वीस चाचण्या, दोन्ही बाजूंचे विजय साधारण बरोबरीत, आणि सगळं शुक्रवारी संध्याकाळपर्यंत हातात.

"या वेळी परत आला ना आई, तर मी हे सोडून देणार," सून म्हणाली होती. "मला यातलं कळत नाही असं समजेन आणि गप्प नोकरी धरीन." ती हे रडत म्हणाली असती तर बाईंनी समजूत घातली असती. ती भाजी चिरता चिरता म्हणाली, म्हणून बाईंना ते खरं वाटलं.

तर चाचण्या सुरू झाल्या. पूल राखायला निरीक्षकबाई, पूल घ्यायला त्यांचा मुलगा. सुनेच्या खेळाच्या मंडळातला एक नियम घरातही आला होता. ज्यानं त्यानं आपला फासा निवडायचा आणि दुसऱ्याच्या फाशाला बोटही लावायचं नाही, नाहीतर त्याचं नशीब जातं म्हणे. बाईंनी वाडग्यातून एक हिरवा फासा उचलला. असल्या भाकडकथांवर त्यांचा विश्वास नव्हता, पण फासा मात्र त्या कुणाला देत नव्हत्या.

पहिल्या दहा डावांत बाईंनी नऊ जिंकले. मुलगा कपाळाला हात लावून म्हणाला, "माझा फासाच पनवती आहे."

"नाचता येईना अंगण वाकडं," बाई म्हणाल्या आणि चहा मागवला.

सुनेला मात्र घाम फुटला. पूल राखणं फारच सोपं झालंय, तिनं वहीत लिहिलं आणि राखणाऱ्यांची तोफ काढून घेतली. बाईंनी पुढच्या दहांत सात जिंकले. मग सुनेनं पूल घेणाऱ्यांची कुमक दोन फेऱ्या आधी आणली, नदीकाठची झाडी काढून टाकली, आणि तेव्हा कुठे पुढच्या वीस डावांत दहा-दहा अशी बरोबरी झाली. चाळीस डाव, तीन महिने, दोन वह्या. तोफेशिवाय, उघड्या मैदानात, तरीही निम्मे डाव बाईंचे. मुलगा त्यांना 'सेनापती' म्हणू लागला. बाई वरवर म्हणायच्या, "पुरे झाला चावटपणा." आतून त्यांना इतका आनंद व्हायचा की रस्त्यानं चालताना त्यांची मान जराशी ताठ व्हायची. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या चुका काढल्या होत्या. स्वतःला काही छान जमतंय, हे त्यांच्यासाठी नवीन होतं.

माशी शिंकली ती स्वयंपाकघरात.

बाईंनी आणि त्यांच्या यजमानांनी भांडी घासायची पाळी फाशावर ठरवायची पद्धत पाडली होती. मोठं दान पडेल तो सुटला. बाई इथेही आपलाच हिरवा फासा टाकायच्या. एक दिवस यजमान हातातली घासणी खाली ठेवून म्हणाले, "अगं, मी कॅलेंडरवर खुणा केल्यात. सव्वीस दिवसांत एकवीस वेळा मीच. हा काय प्रकार आहे?"

"नशीब एकेकाचं."

"पण तुझं सहा जरा जास्तच वेळा पडतं."

"खोली थंड आहे, टेबल गुळगुळीत आहे, आणि तुम्ही नीट हलवत नाही," बाई तडकून म्हणाल्या, आणि बोलता बोलताच थबकल्या. हेच तर दुकानदार म्हणायचे. वाऱ्यानं काटा हलतोय बाई, आज फरशी ओली आहे बाई. तेहतीस वर्षं ज्या सबबी न ऐकता त्यांनी दुकानांना टाळं लावलं होतं, त्याच आता त्यांच्या तोंडून बाहेर पडत होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात कुणी नसताना त्यांनी काचेच्या ग्लासात पाणी घेतलं आणि त्यात मीठ ढवळत राहिल्या. फासा तरंगेपर्यंत अर्धा डबा मीठ गेलं. मग त्यांनी बोटानं त्याला टिचकी मारली. फासा गरगर फिरला, डुलला, आणि सहा वर करून थांबला. पुन्हा टिचकी, पुन्हा सहा. दहाव्यांदा सहा आलं तेव्हा बाईंनी ग्लास बेसिनमध्ये ओतला आणि खुर्चीत बसून राहिल्या. कुठेतरी आत पोकळी राहिली होती आणि सहाच्या समोरची, एकच्या ठिपक्याची बाजू जड झाली होती. कुणाचा दोष नव्हता. फासा मात्र खोटा होता.

आता लगेच उठून सुनेला सांगायला हवं होतं. ते त्यांनी केलं नाही. आज सांगते, उद्या सांगते, असे नऊ दिवस गेले. सांगितलं तर सेनापतीपद जाणार, हे एक होतं. सुनेच्या चाळीस डावांची माती होणार, हे दुसरं. या दुसऱ्याच्या आड पहिलं लपवता येत होतं, म्हणून बाई मनाशी दुसऱ्याचाच घोष करत होत्या. पण रोज संध्याकाळी सून वहीतले आकडे सुबक अक्षरात उतरवून काढायची आणि बाई शेजारी बसून बघताना मनाशी हिशेब करायच्या. हा प्रसंग हजार घरांत जाणार. तिथे लोक सरळ फासे टाकणार. आणि पूल राखणारा प्रत्येक जण मार खाणार, कारण माप खोट्या वजनावर बेतलेलं. कुंपणानंच शेत खाल्लं होतं, आणि कुंपणाला ते चांगलं ठाऊक होतं.

मंगळवारी सकाळी त्यांनी ग्लास, मीठ आणि फासा असं सगळं टेबलावर मांडलं आणि सुनेला हाक मारली. त्यांनी फाशाला टिचकी मारली. सहा.

सून आधी हसली. मग तिनं स्वतः टिचकी मारली, तीन वेळा, आणि तिचं हसू मावळलं.

"तुम्हाला कधी कळलं?"

"नऊ दिवस झाले."

"नऊ दिवस? आई, मी काल चाळीसावं पान शाईनं उतरवलं. तुम्ही शेजारी बसून बघत होतात!"

"बघत होते. जिंकायची चटक लागली होती मला. लाज वाटली सांगायला."

सून उठून आत गेली. दार आपटलं नाही, पण नुसतं लावलं, ते बाईंना जास्त लागलं.  त्या रात्री यजमानांनी भांडी कुणी न सांगता घासली.

बुधवारी सकाळी बाईंच्या खोलीबाहेर सून उभी होती. हातात फाशांचा अख्खा वाडगा. "सगळे तपासून द्या," ती म्हणाली. "आणि मीठ आणायला सांगा कुणाला तरी." बाईंनी एकवीस फासे तरंगवले, दोन नापास केले, उरलेले एका वाटीत ओतले. आता वाटी मध्ये, आणि हाताला येईल तो फासा ज्याचा त्याचा. नियमाचं सोवळं संपलं.

मुलानं दोन दिवस रजा टाकली. आहे त्याच मांडणीवर पहिला डाव झाला, बाई हरल्या. दुसरा हरल्या. पाच डावांत पाच हरल्या, आणि मुलाला इतका ऊत आला की तो खुर्चीवर उभा राहून पुलावरून पलटण नेऊ लागला.

"सेनापती, अंगण वाकडं आहे का हो?"

"खाली उतर, गाढवा."

सुनेनं झाडी परत लावली. कुमक मागे नेली. सहाव्या डावाला तोफही परत दिली. मग तिनं नकाशाकडे बघितलं, वहीचं पहिलं पान उघडलं, पुन्हा नकाशाकडे बघितलं. एकेक करत ती जिथून निघाली होती तिथेच येऊन पोचली होती. "हे तर माझं सुरुवातीचंच आहे," ती हळूच म्हणाली. "बघू या."

त्या मांडणीवर त्यांनी बुधवारी संध्याकाळपर्यंत सात डाव खेळले आणि गुरुवारी बारा. मधे यजमान पोळीभाजीचे रोल हातात देऊन जायचे. कधी पूल राहिला, कधी गेला. एकोणीस डाव झाले तेव्हा बाई दहा, मुलगा नऊ. शुक्रवारी मुलाची रजा संपली आणि विसाव्या डावाला समोर सून बसली.

"दहा-दहा झाले काय, अकरा-नऊ झाले काय, दोन्ही चालतंय," ती म्हणाली. "तुम्ही मनापासून खेळा."

"मला नको शिकवू."

बाई मनापासूनच खेळल्या. झाडीत दबा धरला, तोफ शेवटपर्यंत राखली, सुनेचं घोडदळ नदीत लोटलं. आठव्या फेरीत पुलावर त्यांची एकच तुकडी उरली. चार किंवा वरचं काही पडलं की पूल वाचला. बाईंनी फासा मुठीत हलवला, टाकला, आणि दोन पडले.

सुनेनं पुठ्ठ्याची सोंगटी पुलापलीकडे सरकवली. मग डोळे बारीक करून बघत राहिली. "आई, खरं सांगा. बरोबरी व्हावी म्हणून मुद्दाम हरलात ना?"

बाईंचा चेहरा लालबुंद झाला. "मुद्दाम? मी? अगं, तोफ कोपऱ्यात ठेवली ती चूक झाली माझी, अक्कल कमी पडली, पण मुद्दाम? तेहतीस वर्षांत कुणाच्या पारड्याला बोट लावलं नाही मी, आणि तुझ्या कामात लावीन?" त्यांचा आवाज चढला आणि तसाच एकदम उतरला. "लावलं खरं. नऊ दिवस लावून बसले होते. पण आज नाही. ऐक नीट. तुझं माप पहिल्या दिवसापासून बरोबर होतं. खोटं वजन माझ्या बाजूला होतं, आणि तू तीन महिने स्वतःलाच तासत बसलीस. तुला यातलं कळतं. हे मी सासू म्हणून सांगत नाहीये."

 सुनेनं ओंजळीत तोंड झाकलं आणि खांदे हलू लागले. बाईंना वाटलं हसतेय, मग कळलं की नाही. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि रडणं ओसरेपर्यंत तो तसाच राहू दिला. प्रकाशकाचं पाकीट बंद करून द्यायला अजून चार तास होते.

मग बाईंनी घसा खाकरला आणि सोंगट्या पुन्हा जागेवर मांडायला घेतल्या.

"आई, वीस झाले की. आता कशाला?"

"चाचणी तुझी संपली," बाई म्हणाल्या, "मी हरलेय, त्याचं काय?" आणि या खेपेला त्यांनी तोफ पुलाच्या तोंडाशी ठेवली.