माझ्या चावीला मोटर लावली

मी ब्युरेट बोलतोय. बोलायची मला हौस न्हाय, आधीच सांगतो. पण सांग, सांग म्हणून तुमी मागंच लागलाय, तर ऐका. मधेमधे प्रश्न इचारायचे न्हाईत. चाळीस वर्सं उभं राहून काम केलेला मी, हितं लोखंडी कपाटात आडवा पडलोय. आडवं पडून बोलायला त्रास होतो.

मी म्हंजे काचेची लांब नळी. अंगावर शून्यापासनं पन्नासपर्यंत रेघा, खाली काचेची चावी. चावी फिरवली की माझ्यातलं पाणी थेंब थेंब पडतं. पन्नासच्या पुढं मला मोजता येत न्हाय, आणि त्यावाचून कधी अडलंबी न्हाय.

सोलापुरातल्या एका कॉलेजात माझी उमर गेली. तितं प्रयोगशाळेत गुरुसिद्धप्पा कामाला होते, अक्कलकोटकडचे. पोरं चावी भसकन सोडायची. गुरुसिद्धप्पा मागनं येऊन त्यांचा हात धरायचे, "निधान, निधान." कानडीत सावकाश. तेवढा हलका हात माझ्या चावीवर पुन्हा कुणाचा पडला न्हाय. ते रिटायर झाले आणि कॉलेजनं मला भंगारात काढलं.

तितनं मला उचललं देवदत्त सायबानं. चिंचोळी एमआयडीसीत सरबताचा छोटा कारखाना हाय, तितला हा केमिस्ट. रस किती आंबट हाय ते रोज मोजायला लागतं, आणि बाहेरचं महाग यंत्र काय परवडंना. मग यानं बंद पडलेल्या प्रिंटरची मोटर काढली आणि माझ्या चावीला आवळली. खाली रंग बघणारा एक इवलासा डोळा बसवला. मला दोन चिमट्यांत गच्च धरलं. झालं सस्तं यंत्र!

काम असं. खालच्या चंबूत रस, रसात औषधाचे दोन थेंब. माझ्या पोटात कॉस्टिक सोड्याचं पाणी. ते पडत जातं, आंबटपणा मारत जातं. आंबटपणा संपला की औषधानं रस गुलाबी होतो. डोळ्याला गुलाबी दिसलं की मोटर चावी बंद करती. जेवढं पाणी जास्त पडलं, तेवढा रस आंबट. आकडा पडद्यावर येतो.

लिंबाचं बरोबर आलं. आवळ्याचंबी आलं. देवदत्त सायेब येईल त्याला दाखवायचा, "हात लावायची गरज नाही. माणूस चुकतो, हे चुकत नाही." मला मात्र कसनुसं व्हायचं. चावी माझी, पण ती उघडायची कधी, मिटायची कधी, हे मोटर ठरवणार. स्वतःच्या तोंडावर दुसऱ्याचा हात बांधून बघा, म्हंजे कळंल.

मग एक दिवस वैरागच्या बजाबाई आल्या. बाराजणींचा त्यांचा गट. डाळिंबं सोलून, रस काढून, कॅन भरून आणलेले. पहिलीच खेप. रस पास झाला तर वर्षभराचं काम मिळणार होतं.

लालभडक रस चंबूत पडला आणि मी गार झालो. हा रस मुळातच गुलाबी! गुरुसिद्धप्पा असल्या रसात आधी भरपूर पाणी घालायचे, रंग फिका करायचे आणि मग बघत बसायचे. मला ठाऊक हाय, पण सांगू कसा? थेंबबी पडायच्या आत डोळ्याला गुलाबी दिसलं. चावी खटकन बंद. पडद्यावर आंबटपणा शून्य.

"बाई, हा रसच नाही," देवदत्त सायेब म्हणाला. "डाळिंबात आंबटपणा असतोच. हे रंग घातलेलं पाणी आहे."

बजाबाईंनी दोन्ही हात त्याच्या तोंडापुढं धरले. "ही बोटं बगा. चार दिस सोलून काळी पडल्यात. रंग कालवायला एवढं करावं लागतंय व्हय?"

"मशीन खोटं बोलत नाही, बाई."

"मग तुमी प्या की घोटभर. जीब हाय न्हवं?"

"जिभेवर कारखाना चालत नाही."

मागच्या बाया गपगुमान कॅन उचलायला लागल्या. कारखान्याचे मालक मानसिंगराव दारात येऊन उभे राहिले. मी आत वरडतोय, चावी सोडा, पाणी घाला! काचेचं कोण ऐकतंय.

तेवढ्यात बजाबाईंनी बाजूला ठेवलेल्या लिंबांच्या पाटीतलं एक लिंबू उचललं, दातानं फोडलं आणि आख्खं चंबूत पिळलं.

"आता मोजा."

"अहो, हे काय करताय?"

"मोजा की. भ्या वाटतंय व्हय?"

मोजलं. शून्य.

"लिंबू पिळलं तरी आंबट न्हाय म्हणतंय," बजाबाई मालकांकडं वळल्या. "आता तुमीच सांगा. मी भेसळवाली, का हे आंधळं?"

एवढी वर्सं कॉलेजात काढली मी. एवढं सरळ डोकं चालवलेलं तितं लई कमी बघितलं.

मानसिंगरावांनी कॅनमधला रस चाखला, एक डोळा मिटला आणि म्हणाले, "उतरवा सगळे कॅन." बाराजणींचं काम पक्कं झालं. देवदत्त सायबानं बजाबाईंची माफी मागितली, खाली मान घालून, दोनदा. बायांना चहा आला.

मग तो माझ्याकडं वळला. "शेवटी भंगार ते भंगारच." म्हंजे मी! मी रेघ चुकलो न्हाय, थेंब चुकलो न्हाय. गुलाबी दिसलं की थांब, हे शिकवलं कुणी? पण मोटरीसकट, चिमट्यांसकट मला उचललं आणि ह्या कपाटात कोंबलं. धुतलंसुदीक न्हाय. सोड्याचं पाणी चावीत वाळत चाललंय. सोडा वाळला की काचेची चावी जाग्यावर धरून बसती. आणखी थोडे दिवस, मग मला कुणीच फिरवू शकणार न्हाय.

म्हणून सांगतो, कपाट उघडलंच कुणी, तर आधी ती मोटर सोडा. साध्या पाण्यानं धुवा. चावी हातानं फिरवा. दुसरं काय मागत न्हाय.

परवा बजाबाई कॅन घेऊन आल्या होत्या. कपाटापाशी थांबून कुणाला तरी म्हणाल्या, "मी आंधळं म्हणाले खरं, पण त्या नळीचा बिचारीचा काय दोष?" त्यांचं माझं मिटलं.

माझी माफी मागायचा राहिलाय तो एकटा देवदत्त.