पुस्तकात मेलेली मुलगी

माझी सवत मल्लम्मा मी या घरात येण्याआधीच वारली होती. तिचा भाऊ वीरभद्रप्पा सोलापुरात मास्तर होता आणि वर लेखकही होता. त्याने बहिणीवर कादंबरी लिहिली. त्यातल्या पहिल्या अर्ध्यात बहीण सोसते नि मरते, उरलेल्या अर्ध्यात मी तिच्या मुलीला छळून मारते. गावाचं नाव त्याने बदललं, माझं बदललं, पण मुलीचं नाव भागू ते भागूच ठेवलं. दारातलं चिंचेचं झाड, लंगडी गाय, माझ्या हनुवटीवरचा तीळ, सगळं जसंच्या तसं. भागू तर चांगली जिवंत होती, दहा-अकरा वर्षांची, आणि माझ्याच हातची भाकरी खाऊन अंगाने भरली होती.

ही निजामाच्या राज्यातली गोष्ट, रझाकारांच्या धामधुमीच्या काही वर्षं आधीची. आमच्या गावात, मादन हिप्परग्यात, शाळा उर्दू. मराठीत छापलेलं म्हणजे पोथी, एवढंच गावाला ठाऊक. सोलापूरकडून येणारा प्रत्येक कागद नाक्यावरचा शिपाई उलटापालटा करून बघायचा. या पुस्तकात राजकारण नाही, नुसतं रडणं आहे, म्हणून त्याने सोडून दिलं म्हणे. राजकारण असतं तर बरं झालं असतं. निदान जप्त तरी झालं असतं.

मठात पोथी वाचणारे रेवणसिद्धप्पा म्हणून होते. त्यांनी ते पुस्तक पोथीच्याच लाकडी ठवणीवर ठेवलं, उदबत्ती लावली आणि दुपारची कामं उरकली की रोज एक अध्याय वाचायला लागले. मल्लम्माच्या लग्नाच्या अध्यायाला बायकांनी अक्षता टाकल्या. ती मेली त्या दिवशी कित्येकींनी घरी जाऊन चूल पेटवली नाही. पोथीत असतं ते घडलेलं असतं आणि ऐकून डोळ्यांत पाणी येतं ते तर खरंच असतं, अशी त्यांची समजूत. आमची शेजारीण सिद्धव्वा स्वतःच्या सुनेला शिळ्या तुकड्यावर ठेवायची आणि मठात पुस्तकातल्या भागूसाठी पदर भिजवायची. मला त्या रडण्याची पहिल्या दिवसापासून चीड आली.

भागू मरते तो अध्याय ऐकायला भागू स्वतः बसली होती. बायकांनी तिला या मांडीवरून त्या मांडीवर घेतलं. पुस्तकात मुलीला ताप येतो, सावत्र आई कडू काढ्यात विष कालवते आणि बाप, बावळट, तो आपल्या हाताने ती वाटी मुलीला नेऊन देतो. भागू घरी आली तेव्हा मी ताट वाढलं होतं. तिने भाकरी उलटून पाहिली.

"ह्यात काय हाय?" तिने विचारलं.

"ज्वारी हाय. दुसरं काय असंल?"

ती उठून सिद्धव्वाकडे जेवायला गेली. तोवर ती मला चिगव्वा म्हणायची, म्हणजे धाकटी आई. त्या दिवसापासून ती मला काहीच म्हणेनाशी झाली. मी समोर आले की भिंतीला चिकटून जायची. पोटच्या पोरीने इतकं केलं असतं तर मी एक ठेवून दिली असती. हिला मारायचीही चोरी, कारण सगळं गाव त्याचीच वाट बघत होतं.

मला उदगीरला वडिलांनी घरीच अक्षरं शिकवली होती. मी मठातून ते पुस्तक मागून आणलं आणि सबंध वाचलं. मल्लम्मा मरते तिथे माझेही डोळे भरले. लिहिलंय चांगलं, मेल्याने. त्याचाच जास्त संताप आला.

पावसाळा सरता सरता भागूला हिवताप झाला. थंडी वाजून ताप भरायचा, एक दिवस उतरायचा, पुन्हा भरायचा. आमचे मालक अण्णाराव आळंदच्या दवाखान्यात जाऊन क्विनीनची बाटली घेऊन आले. बाटलीला कागदाची पट्टी चिकटवून मात्रेच्या खुणा केलेल्या. औषध असं कडू की नुसत्या थेंबाने तोंड वाकडं व्हावं. मी वाटीत ओतलं आणि भागूने दात आवळले.

मालकांनी वाटी नेली तर ती किंचाळायला लागली. पुस्तकातही बापच वाटी नेतो. सिद्धव्वाला बोलावलं.

"पी गं माजे बाई," सिद्धव्वा म्हणाली.

"कुणी ओतलं हे?"

सिद्धव्वाने माझ्याकडे पाहिलं. बाई खोटं बोलली असती तर काय बिघडलं असतं? पण तिच्या डोळ्यांत तेच मठातलं पाणी आलं आणि भागूने तोंड फिरवलं. मी तिच्यासमोर स्वतः एक घोट घेतला, तर म्हणाली, "तुमी मोठे हाव. तुमास्नी काय हुतंय." नाक दाबून पाजलं तर सगळं ओकून टाकलं. डॉक्टरने मालकांना सांगितलं होतं की औषध पोटात राहिलं नाही तर पोर हाती लागणार नाही. ती वाळत चालली, डोळे खोल गेले, आणि बायका दारात येऊन एकमेकींना म्हणायच्या, "बगा, पोथीत हाय तसंच हुयलंय." मी त्यांना झाडू घेऊन हाकललं. तेही पोथीत आहे तसंच झालं.

शेवटी मालकांनी सोलापूरला माणूस धाडून वीरभद्रप्पाला बोलावून घेतलं. दुधनीपर्यंत रेल्वेने आणि पुढे बैलगाडीने तो आला. पण घरी आलाच नाही. लोकांनी गाडी मठापाशी अडवली, हार घातला, आणि लेखकाच्या तोंडून एक अध्याय ऐकायचा म्हणून आग्रह धरला. मी वाट बघून बघून मठात गेले. तो ठवणीसमोर बसून मुलीच्या मरणाचा अध्याय वाचत होता आणि स्वतःच हुंदके देत होता. अख्खा मठ मुसमुसत होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"मास्तर, तुमची भागू अजून मेली न्हाई," मी दारातून म्हटलं. "मरायच्या आत बगायची असंल तर घरी चला."

रडणं एकदम थांबलं. सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच अध्याय मोडून पाप केलं. वीरभद्रप्पा चष्मा पुसत उठला. पण मागोमाग निम्मा मठही निघाला.

घरात शिरल्यावर मी त्याला स्वयंपाकघरात नेलं आणि दार लोटलं.

"कामून मारलाव तिला?"

"नागम्मा, ते वाङ्मय आहे. त्यातली बाई म्हणजे तू नव्हेस."

"माजा तीळ त्या बाईला कुणी लावला? पण माजं जाऊ द्या. पोरीला कामून मारलाव ते सांगा."

तो म्हणाला, "मी आधी मारली नव्हती. मामा तिला घेऊन जातो, असाच शेवट होता. छापणाऱ्याने परत पाठवलं. मुलगी जगली तर कोण रडणार, म्हणाला."

"मंग तुमी मारलाव."

"हो."

"आता हेच तिच्यापुढं बोला. एक अक्षर इकडचं तिकडं न्हाई."

"इतके लोक जमलेत बाहेर," तो म्हणाला.

"लोक हायत म्हणूनच बोला. न्हाईतर पोर गेल्यावर ह्याच लोकांपुढं मी बोलंन, आन् त्या येळेला माज्या हातात वाटी नसंल, विळा असंल."

तो घाबरला. मला बरं वाटलं.

भागू बाजेवर पडली होती. मामाला पाहून ती उठायला धडपडली. मालक उशाशी बसले होते, दारात आणि खिडकीत बायका दाटल्या होत्या. वीरभद्रप्पा बाजेच्या कडेला बसला आणि तिचा हात हातात घेतला.

"भागू, पुस्तकातलं सगळं खोटं आहे. मी मनाने रचलंय. तुझ्या चिगव्वाने कुणाला विष दिलं नाही. तू औषध घे."

भागू त्याच्याकडे टक लावून बघत राहिली. "खोटं असतं तर तुमी रडला असता का?" ती हळूच म्हणाली. "आज मठात तुमी लई रडलाव म्हणं. सिद्धव्वानं आत्ताच सांगितलं."

दारातल्या बायकांनी माना हलवल्या. त्यांचंही तेच म्हणणं होतं. वीरभद्रप्पा माझ्याकडे बघायला लागला. मी वाटी घेऊन बाजेच्या पायथ्याशी उभी होते, जागची हलले नाही.

"सांगा," मी म्हटलं.

"आधी मी तुला जगवली होती," तो म्हणाला. "पण तू जगलीस तर कुणी रडणार नाही, असं छापणारा म्हणाला. म्हणून मग..."

"म्हणून मला मारलाव?"

तो तिच्या हातावर कपाळ टेकून रडायला लागला. मठात रडला होता अगदी तसाच, तेच हुंदके, तसाच मधेमधे श्वास ओढणं. बायकांनीही लगेच पदर डोळ्यांना लावले.

भागू त्याचं रडणं बघत होती. मग तिने दाराकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं, सगळे रडत होते. तिच्या कपाळावर आठी पडली. पाढा चुकला की मुलांच्या कपाळावर पडते तशी.

"मामा, तुमी आताबी रडायलाव," ती म्हणाली. "आता तर मी मेली न्हाई."

वीरभद्रप्पाने मान वर केली, डोळे पुसले, पण पाणी थांबेचना. तिने त्याच्या हातातून आपला हात काढून घेतला.

"तुमास्नी कशानंबी रडू येतंय," ती म्हणाली.

तिने मान वळवून सगळ्यांत शेवटी माझ्याकडे पाहिलं. तिथे माझे एकटीचेच डोळे कोरडे होते. मला तिचा राग होता, मामाचा होता, त्या बायकांचा होता, आणि पोर हातची जाईल या भीतीने मी वाटी दोन्ही हातांनी छातीशी धरून ठेवली होती. ते तिने पाहिलं असावं.

"चिगव्वा, ह्या समद्यास्नी भायर काढ," ती म्हणाली. "आन् दे ते."

मी आधी सगळ्यांना बाहेर काढलं, लेखकालाही. मग तिच्या मानेखाली हात घालून वाटी तोंडाला लावली. तिने एका दमात घेतलं, सगळं अंग शहारलं, पण तोंड दोन्ही हातांनी दाबून धरलं आणि ओकली नाही.