वेल्डिंगच्या मुखवट्याने पाहिलेले वर्ष

मी एक जुना वेल्डिंगचा मुखवटा आहे. माझ्या काळ्या काचेला तडा गेला आहे, डोक्याला बांधायचा पट्टा सैल झाला आहे. मित्रांनो, मला डोळ्यांच्या जागी काच आहे, पण तोंड नाही. त्याचे दुःख मला एका वर्षी फार झाले. त्या वर्षाबद्दलच मी सांगणार आहे.

एका कारखान्यात साच्यात दाबून मला घडवले. वेल्डिंगचा झगझगीत उजेड उघड्या डोळ्यांनी पाहिला तर डोळ्यांना इजा होते, म्हणून आम्हाला बनवतात. मला ज्यांनी विकत घेतले, ते बावीस वर्षे एका गोदामात खोकी उचलत होते. गोदाम बंद पडले तेव्हा त्यांचे वय सत्तेचाळीस होते. जवळच्या तंत्रशिक्षण संस्थेत वेल्डिंगचा दहा महिन्यांचा अभ्यासक्रम होता, तिथे त्यांनी नाव घातले. पहिल्या दिवशी ते वर्गात शिरले आणि सगळी मुले उठून उभी राहिली. त्यांना वाटले, शिक्षकच आले.

"बसा रे, मीही तुमच्यातलाच," ते म्हणाले. तेव्हापासून सगळे त्यांना काका म्हणू लागले.

घरी माझा खिळा स्वयंपाकघराच्या दाराशी होता. शेजारीच कॅलेंडरचे एक पान उलटे चिकटवले होते. त्यावर त्यांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, पेन्सिलीने दोन रकाने पाडले होते. डावीकडे लिहिले होते, 'जाणार': फी, बूट, हातमोजे, मुखवटा, दहा महिन्यांचा पगार. उजवीकडे, 'येणार': गोदामापेक्षा दीडपट पगार, पाठीला आराम, हातात कसब.

काकांचे मन मात्र खाली-वर होई. "पन्नाशीला टेकलेल्या माणसाला कोण कामावर घेणार गं?"

"मी सगळं मांडून पाहिलंय," काकू म्हणत. "तुम्ही जोड नीट लावा, बाकीचं माझ्यावर सोडा."

त्या पानावर एक गोष्ट काकूंनी लिहिलीच नव्हती. त्यांना काचबिंदू होता. रोज दोनदा डोळ्यांत थेंब घालायचे, ते कधी चुकवायचे नाहीत, असे डॉक्टरांनी बजावले होते. तिसऱ्या महिन्यात थेंबांची बाटली संपली. काकूंनी ती कानाशी धरून हलवली, झाकण घट्ट लावले आणि होती तशी फळीवर ठेवून दिली. नवी आणली नाही.

जाता-येता काकांना बाटली दिसे आणि ते निर्धास्त असत. एकदा त्यांनी विचारलेही, "थेंब घालतेस ना?"

"घालते हो," भाजी निवडता निवडता काकू म्हणाल्या.

मी समोरच टांगलेला होतो. मला सगळे ठाऊक होते. मी काय करणार?

काचबिंदू दुखत नाही, मित्रांनो. तो नजर कडेकडून खात येतो. काकूंचा खांदा दाराच्या चौकटीला लागू लागला. बाजूला ठेवलेला पेला हात लागून सांडू लागला. "लक्ष कुठे असतं तुझं?" काका हसत. काकूही हसत आणि फडके घेऊन खाली बसत. फडके जवळच असले तरी ते शोधायला त्यांना वेळ लागे.

इकडे काकांचा हात बसत चालला होता. शेवटच्या परीक्षेत मास्तरांनी त्यांनी जोडलेली लोखंडी पट्टी यंत्रात घालून वाकवली. पट्टी नालासारखी वाकली, पण जोड उघडला नाही. "जोड असा लागला पाहिजे," मास्तर वर्गाला म्हणाले. काकांनी मला झटकन तोंडावर ओढले. आत ते रडत होते, ते फक्त मला कळले.

प्रमाणपत्र घरी आले तेव्हा काकूंनी ते एकेका शब्दावर थांबत वाचले. काकांना वाटले, कौतुकाने वाचते आहे. पाण्याच्या टाक्या बनवणाऱ्या कारखान्यात त्यांना कामही लागले. पगार खरेच दीडपट होता. काकूंचा अंदाज तिथे तंतोतंत बरोबर निघाला.

पहिला पगार झाल्यावर काका त्यांना डोळे तपासायला घेऊन गेले. परत आल्यावर काकांनी फळीवरची बाटली उचलली आणि तळहातावर उपडी धरली. एक थेंबही पडला नाही.

"डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही," ते म्हणाले. "एवढ्या महिन्यांत एकदा तरी सांगायचंस."

"सांगितलं असतं तर तुम्ही गेला नसतात."

"नसतोच गेलो."

"म्हणून नाही सांगितलं."

काका स्टुलावर बसले. "मास्तरांनी मला विचारलं होतं गं, आत्ता येता की पुढच्या तुकडीला. मीच घाई केली."

त्यानंतर थेंब कधी चुकले नाहीत. सकाळ-संध्याकाळ काका स्वतः घालत. शस्त्रक्रियाही झाली. पण उशीर फार झाला होता. तीन वर्षांत काकूंची उरलेली नजरही गेली.

मग काकांनी घराच्या भिंतीला पाइपचा कठडा केला, पलंगापासून स्वयंपाकघरापर्यंत. ते माझे शेवटचे काम. त्याच दिवशी माझी काच तडकली. काकूंनी कठड्यावरून हळूहळू हात फिरवला.

"जोड कुठे आहेत यात?" त्यांनी विचारले.

"चार आहेत. आत्ता एकावर तुझा हात आहे."

"हाताला लागत नाही हो. छान झालंय."

काकांनी मान हलवली आणि मग त्यांच्या लक्षात आले, ती काकूंना दिसली नाही.

मित्रांनो, तुम्ही जरूर शिका. हातात कसब असले की माणूस ताठ उभा राहतो, हे मी जवळून पाहिले आहे. पण तुम्ही शिकत असताना घरात कोण आपले औषध, आपला चष्मा, आपले दुखणे गुपचूप बाजूला सारते आहे, तेही बघा. नुसते विचारू नका, बाटली उचलून बघा. रिकामी असेल तर त्या माणसाला आधी दवाखान्यात न्या. प्रवेश पुढच्या वर्षीही मिळतो.