काळ्या लोकरीचा दोरा

“मी पुण्याला जाणार न्हाई म्हंजे न्हाई!” सूरज ओरडला आणि त्यानं मला खोक्यात भिरकावलं.

“जाशील! कान धरून एसटीत बसवीन.” त्याची आजी दगडाबाई काय मागं हटतेय!

“आन् तुला बघणार कोण? ह्या भिंती?”

सकाळपासून हे भांडण चाललंय आणि मी मधे सापडलोय. मी काळ्या लोकरीचा दोरा. सांगलीतल्या सूरजच्या ह्या एस्केप रूममध्ये, म्हणजे कोडी सोडवून बाहेर पडायच्या खेळात, राबलो. आज रूम मोडतेय, म्हणून बोलून घेतो. माळ्यावर पडल्यावर कोण विचारतंय?

माझा जन्म आटपाडीकडच्या माळावरचा. शेवटची अकरा मेंढरं विकायच्या आदल्या दिवशी दगडाबाईनं ती कातरून घेतली आणि चातीवर मला कातलं. ज्या गोष्टीवर हा खेळ उभा करायचा होता, ती सूरजनं तिला सांगितली होती.

“ग्रीक लोकांची हाय, आजी. बैलाच्या तोंडाचा राक्षस भुलभुलैयात बसलेला. राजकन्या थिसियसला दोऱ्याचा गुंडा देती. त्यो दोरा सोडत आत जातो, राक्षसाला मारतो आन् दोरा धरून बाहेर येतो.”

“आन् पोरीचं काय?”

“काय म्हंजे? लगीन! घरी घेऊन जातो तिला.”

म्हातारी लय खूश झाली. घोंगडीच्या सुताला देतात तशी चिंचोक्याची खळ तिनं मला दिली. पोरांच्या हातात मी टिकावं म्हणून.

दोन वर्षं कॉलेजची पोरंपोरी मला धरून अंधारातली कुलपं शोधत हिंडली. बाहेर कितीही फुशारकी मारोत, आत सगळ्यांचे तळवे सारखेच घामेजायचे. दाराशी बसलेल्या आजीला कुणी विचारायचं, “बैल मारका हाय का वो?” ती म्हणायची, “तुझ्यापरास शाना हाय. दार बघून धडकतो.”

पण खळीला उंदीर सोकावले. एका रविवारी मी मधेच तुटलो. आत अडकलेली एक मुलगी घाबरून रडली, तिचा व्हिडिओ गावभर फिरला आणि माणसं यायची थांबली. सूरजनं आजीला सांगितलं, “पोरांची हौस फिटली.” ती मात्र माझं कुरतडलेलं टोक हातात धरून बराच वेळ बसली होती. आपल्याच खळीनं उंदीर आणले, हे तिला वेगळं सांगावं लागलं नाही.

आता सूरजला पुण्यात नोकरी लागलीय. कंपनीच्या खोलीत चौघं राहणार. आजीला तिथं जागा नाही. आणि सूरजचे आईबाप गेल्यापासून घरात ही दोघंच.

“तुला एकलीला टाकून जाऊ? माणूस हाय का राक्षस मी?” सूरजचा आवाज फाटला.

दगडाबाईचं लक्ष भिंतीशी टेकवलेल्या फलकाकडं गेलं. गोष्टीचा खरा शेवट त्यावर लिहिलेला. शेवटचं दार उघडणाऱ्यांनाच तो वाचायला मिळायचा. ती कधी आत गेलीच नव्हती. एसटीच्या पाट्यांवर अक्षरं शिकलेली बाई, एकेका शब्दावर बोट ठेवून वाचू लागली. सूरज फलक उलटा करायला धावला, तोवर तिचं बोट शेवटच्या ओळीवर होतं.

वाटेत एका बेटावर झोपलेल्या राजकन्येला तिथंच सोडून थिसियस गलबतातून निघून गेला.

 दगडाबाईनं मला खोक्यातून उचललं, माझ्या तुटक्या टोकांना गाठ मारली आणि मला सूरजच्या पिशवीत तळाशी ठेवलं.

“तिला झोपंत टाकलं त्यानं, मी जागी हाय सूरज, माझ्यादेखत जा.”