सरस्वतीबाईंची चिमूट

मी एक जुना, विजेवर चालणारा कॉफी ग्राइंडर आहे, आणि माझ्या कहाणीत मिरवण्यासारखे फार थोडे आहे. तरी सांगतो, मित्रांनो. मनात ठेवून ठेवून ती जड झाली आहे.

एकोणीसशे पंचाण्णव साल होते. तंजावूरच्या दुकानांत रोज नवे काहीतरी येऊन पडत होते. राजवाड्यामागच्या गल्लीत राहणाऱ्या वादिराजांना त्यांच्या जहाजावरच्या मेहुण्याने इटलीहून एस्प्रेसोचे छोटे यंत्र आणून दिले. लग्नात फुसफुसत फेस काढणारे असते ते नव्हे; हे घोटभर, काळी, दाट कॉफी देणारे. त्यासाठी पूड हवी अगदी बारीक आणि एकसारखी. घरातल्या मिक्सरला मिरची-धण्याचा वास, म्हणून वादिराज ग्राइंडर घ्यायला निघाले.

दुकानदार वेंकटरावांनी दोघांना पुढे ठेवले. एक होता जाडजूड, काळा, कुरूप. त्याच्या पोटात दातेरी चकत्या होत्या. दुसरा मी, चकचकीत, पात्याचा.

"वादिराज, हा काळाच घ्या. हळू दळतो, पण पोडी एकसारखी पडते. हा दुसरा नुसता तुकडे करतो," वेंकटराव म्हणाले.

तेवढ्यात कोणीतरी माझे बटण दाबले. मी असा गरजलो की रस्त्यावरचे लोक वळून पाहू लागले. वादिराज खूश झाले. उथळ पाण्याला खळखळाट फार म्हणतात, ते मला तेव्हा ठाऊक नव्हते.

त्या घरी कॉफीचे सारे काम वादिराजांच्या आई, सरस्वतीबाई, पाहत. डोळ्यांत मोतीबिंदू होता. बाकीची कामे एकेक करून सुटली होती, एवढे एकच उरले होते. दर शुक्रवारी त्या लोखंडी कढईत बिया भाजत, नुसत्या वासावर. मग हाताच्या चक्कीत दळून पूड चिमटीत चोळत आणि "झाली" म्हणत. मी आलो आणि चक्की माळ्यावर गेली. भाजणे मात्र त्यांच्याकडेच राहिले.

नवरात्रात पायऱ्यांवर मांडलेल्या कोलूच्या बाहुल्या पाहायला पाहुणे आले. वादिराजांनी हौसेने सगळ्यांसमोर मला चालू केले, यंत्रातून कॉफी काढली आणि पहिला पेला आपल्या साहेबांना, प्रतापसिंहांना दिला. त्यांनी एक घोट घेऊन तो खाली ठेवला.

"काय हो, ही कापी की कषायम?"

कॉफीला काढा म्हटलेले ऐकून सगळे हसले. वादिराजांचा चेहरा उतरला आणि ते आईकडे वळले.

"आई, बिया करपवल्यास तू. तुज दिसत नाही, तर कशाला ह्या उठाठेवी?"

बिया करपल्या नव्हत्या, मित्रांनो. माझ्या पात्याने अर्ध्या बियांची धूळ केली होती आणि अर्ध्यांच्या कण्या ठेवल्या होत्या. धूळ कडू उतरली, कण्या कच्च्या राहिल्या. मला सारे ठाऊक होते, पण मला वाचा नव्हती. लाज मात्र होती, ती आजही आहे.

पाहुणे गेल्यावर सरस्वतीबाई माझ्याजवळ आल्या. झाकण काढून त्यांनी चिमूटभर पूड बोटांत चोळली. मग पदराने मला पुसले आणि हळूच म्हणाल्या, "असू दे. पोरानं हौसेनं आणलंय." पुढच्या शुक्रवारी कढई चुलीवर चढली नाही. घरात दुकानची पूड येऊ लागली.

रामनवमीला वेंकटराव पानकम, म्हणजे गुळाचे पाणी, घ्यायला आले. वादिराजांनी दुकानातून भाजलेल्या बिया आणून माझ्यात दळल्या आणि एस्प्रेसो केली. कॉफी तशीच कडू! वेंकटरावांनी माझे झाकण उघडून पूड तळहातावर घेतली.

"बघा, रवा नि राख एकत्र. मी सांगितलं होतं की नाही?"

वादिराजांनी त्या पुडीची चिमूट घेऊन बोटांत चोळली. मग आईसमोर जाऊन बसले.

"आई, तुज हे कळलं नव्हतं?"

"कळलं होतं. त्याच दिवशी."

"मग बोलली का नाहीस?"

"तू चारचौघांत बोललास रे. मी चारचौघांत तुज कसं बोलू?"

वादिराजांच्या डोळ्यांत पाणी आले. त्यांनी माळ्यावरची चक्की काढली, कढई घासून आणली, हिरव्या बिया आईपुढे ठेवल्या. सरस्वतीबाईंनी बियांवरून हात फिरवला आणि परात मागे सारली.

"आता नको, बाळा. वास येतो, पण मजच भरवसा वाटत नाही. करपल्या तर?"

त्यांनी पुन्हा कधी बिया भाजल्या नाहीत.

मी अजून त्याच घरात फळीवर आहे. वादिराजांनी मला टाकले नाही, की वापरलेही नाही. मित्रांनो, मला पुसायला विसरलात तरी चालेल. पण कोणाच्या हाताला बोल लावण्याआधी माझ्यासारख्याचे झाकण उघडा आणि चिमूटभर पूड बोटांत चोळून पाहा. वादिराजांनी ती सहा महिने उशिरा पाहिली.