चार नंबरचा पडदा

माझा भाऊ सूरज हुशार आहे, त्याबद्दल वाद नाही. पण आपला जुना लॅपटॉप बहिणीच्या गळ्यात मारायचा आणि तो कसा चालतो ते सांगायचं नाही, याला काय म्हणावं? लॅपटॉप म्हातारा, म्हणून त्याने त्यात विंडोजच्या जागी हलकंफुलकं लिनक्स घातलंय. खाली पट्टी नाही, चित्रं नाहीत, खिडकी लहान करायचं बटण नाही. नुसता काळा पडदा. त्यात ब्राउझर उघडायचा, एवढंच मला येतं.

त्या सकाळी बंगळूरच्या एका साडी कंपनीशी माझं व्हिडिओवर शेवटचं बोलणं होतं. आधीच्या फेऱ्या फोनवर झाल्या होत्या. आज जमलं तर नोकरी, नाहीतर दुसऱ्या मुलीला बोलावणार. इस्त्रीचा कुर्ता घालून मी लिंक दाबली. काहीच झालं नाही. फक्त कॅमेऱ्याजवळचा दिवा लागला. ब्राउझर बंद करून पुन्हा उघडला, तरी दिवा लागलेलाच. हे काय भूत, मला कळेना.

पलीकडच्या खोलीत आईचे दोन्ही यंत्रमाग चालू होते. आमच्या विणकरांच्या वडगावात नवखा माणूस आला की कानावर हात ठेवतो. आम्हाला मात्र तो खडखडाट ऐकूच येत नाही, आणि आपण सारखं ओरडून बोलतोय हेही जाणवत नाही.

मी पुण्याला सूरजला फोन लावला. "ब्राउझर उघडतोय रं, पण मुलाखत कुठंच दिसत न्हाय!"

"काय? काय ऐकू येत न्हाय!"

माझं डोकं फिरलं. "तू गेलास निघून, आता मी बी चालली! आईनं एकटीनं काय करायचं? मला न्हाय जायचं! लॅपटॉप बिघडला तेच बरं झालं!"

हे बोलून मीच चकित झाले. महिनाभर तर मी याच नोकरीसाठी देव पाण्यात घालून बसले होते.

"आधी माग बंद करायला सांग!" सूरज ओरडला.

मी दारातून हाताने खूण केली. आईने माग थांबवले. आता सूरज नीट ऐकू आला. "त्यात नऊ पडदे हाईत, एकामागं एक. व्हिडिओची खिडकी ब्राउझरबाहेर येगळी उघडती आन् चार नंबरवर जाती, मीच तसं लावलंय. विंडोजचं बटण धर आन् चार दाब."

दाबणार तोच लॅपटॉपमधून कंपनीच्या बाईंचा आवाज आला. "प्रियदर्शनी, आम्ही मघापासून तुम्हाला बघतोय. मी चिकोडीची, मराठी कळतंय मला. मागाच्या खडखडाटातबी तुमचं ओरडणं सगळं ऐकलं. एवढंच सांगा, तुम्हाला यायचं हाय का न्हाय?"

चार दाबायला हात धजेना. मला जायचं होतं. मला जायचं नव्हतं. दोन्ही अगदी खरं होतं आणि लाजेने कान तापले होते.

आई पदराला हात पुसत दारात उभी होती. तिने फक्त बाईंचा प्रश्न ऐकला होता. "काय बोललीस गं तू त्यांना?"

तिने माझ्याकडे नीट पाहिलं, मग लॅपटॉपसमोर वाकली.

"तिला यायचं हाय, बाई. माझ्यापायी थांबली तर मला घास गोड लागायचा न्हाय."

"मग कामावर कधी येताय?"

"सोमवारी," आई म्हणाली.